लंकाबाईचं सगळं छान चाललं आहे

मखमलाबादच्या नवसाबाईला तुम्ही कधी ‘काय मावशी, बरंय ना?’ असं विचारलं असेल, तर चूक तुमची. माणूस आपलं बोलायचं म्हणून विचारतो, पण नवसाबाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून सविस्तर उत्तर द्यायची. मेथी पिवळी पडली, कोथिंबिरीला मावा लागला, झेंडू तर गेलाच, त्याचं नाव काढू नका. गुडघे गेले, मोटर जायच्या बेतात आहे, आणि नवरा आहे तोवर आहे. मागे वळून बघावं तर वाफ्यात मेथी अशी लुसलुशीत की बकरी होऊन शिरावंसं वाटेल, आणि तिचा नवरा गोटीराम बांधावर बसून भाकरीबरोबर चौथी हिरवी मिरची खात असायचा.

बाई खोटारडी होती का? अजिबात नाही. चांगलं आहे ते तोंडाने बोलायचं नाही, बोललं की दृष्ट लागते, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं, आणि आईला तिच्या आईने. त्यातही सगळ्यात कडक दृष्ट आईची. शेजारणीची मीठमोहरीने उतरते, आईची चिवट असते. म्हणून नवसाबाईने आपल्या एकुलत्या एका लेकीला, रूपालीला, जन्मापासून नकटी, काळुंद्री आणि बावळट या तीन नावांवर वाढवलं. पोरगी दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा पेढे वाटताना हिने प्रत्येक घरी सांगितलं, कशीबशी सुटली एकदाची. रूपालीच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं. नवसाबाईला वाटलं, पेढा घशात अडकला.

रूपालीचं लग्न झालं एकलहऱ्याच्या सोमनाथशी. मुलगा वीज केंद्रात नोकरीला, राहायला क्वार्टर, स्वभावाने गरीब. वर्षभरात गोड बातमी आली, आणि नवसाबाई आयुष्यात पहिल्यांदा चुकली. पंचवटीच्या मार्केट यार्डात, भाजीच्या जुड्या लावता लावता, चार बायांसमोर बोलून गेली की माझ्या लेकीच्या संसाराचं सोनं झालं. तिसऱ्या महिन्यात ते बाळ गेलं. दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिने तोंड शिवून घेतलं, एक अक्षर बोलली नाही. फक्त एकदा बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या मनातल्या मनात म्हणाली, या वेळी होईल नीट. तेही गेलं. डॉक्टरांनी कारणं सांगितली, कागदावर लिहूनही दिली, पण नवसाबाईला खरं कारण ठाऊक होतं, आणि ते तिने गोटीरामलासुद्धा सांगितलं नाही.

आता तिसऱ्या खेपेला रूपालीला सातवा महिना होता. या वेळी नवसाबाईने ठरवलं होतं की चांगला विचार मनातही येऊ द्यायचा नाही. आलाच, तर वाफ्यात शिरलेली गाय हाकलावी तसा त्यावर एक वाईट विचार घालायचा. पण हाकलायला आणलेले वाईट विचार काही परत जाईनात. जिना, फरशी, कुत्रं, गॅसची टाकी, रस्त्यावरचा गतिरोधक, सगळ्यांतून तिला रूपाली पडताना दिसायला लागली. दिसलं की ती फोन करायची. दिवसाला अकरा फोन. फोनवर काय, तर अगं ओल्या फरशीवर जाऊ नकोस, आमच्या तिकडची एक अशीच गेली. छातीत धडधड हिच्या, आणि बीपी वाढायचं रूपालीचं.

शेवटी रूपालीने एका रविवारी फोन करून स्वच्छ सांगून टाकलं. “आई, डॉक्टर म्हणालेत ताण नको. तुझा आवाज ऐकला की माझे हातपाय गार पडतात. गंगापूर रोडला एक ध्यानाचा वर्ग आहे, मी तुझं नाव घातलंय. सात रविवार जा. नंतर मला फोन करून एक वाक्य चांगलं बोलून दाखव. एकच. त्यात ‘पण’ नको आणि ‘नाहीतर’ नको. जमलं तर मी बाळंतपणाला माहेरी येईन. नाहीतर सासूबाईंना सटाण्याहून बोलावून घेते.”

पहिलं बाळंतपण आणि सासूच्या हातचं. लोक काय म्हणतील हे तर होतंच, पण त्याहून खोल कुठेतरी नवसाबाईला कळलं की लेक आपल्याला घाबरते. भाकरी टाकता टाकता ती रडली, आणि गोटीरामने विचारल्यावर कांदा डोळ्यात गेला म्हणाली. कांदा चिरलेला नव्हताच.

तर असा हा वर्ग. मीना मॅडम शिकवायच्या. पांढरा कुर्ता, आवाज असा की ऐकता ऐकता माणूस पेंगावा. हॉलमध्ये तीसेक माणसं, त्यातली निम्मी दिंडोरी-निफाडची द्राक्षवाली, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की बाग जाते, या धास्तीने त्यांची झोप उडालेली असते. मॅडमनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, मनात येणारे वाईट विचार म्हणजे आकाशातले ढग आहेत असं समजा. काळे ढग येताहेत. येऊ द्या. नुसतं बघत राहा.

बाई पुण्याच्या होत्या, त्यांची काही चूक नाही. पण छाटणी झालेल्या बागवाल्याला काळे ढग नुसते बघत राहा म्हणायचं? मिनिटभरात हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. एकाने डोळे न उघडता विचारलं, कोणत्या बाजूने येताहेत. दुसरा म्हणाला, त्र्यंबककडून आले तर काही खरं नाही. तिसऱ्याने मोबाईल काढून हवामान बघितलं आणि सरळ चपला घालून फवारणीला निघाला, त्याच्यामागे आणखी चौघं. मॅडमनी डोळे उघडले तेव्हा पुढच्या दोन रांगा मोकळ्या होत्या. नवसाबाई जागेवरच होती, पण घामाने निथळत. तिच्या आकाशात गारा पडत होत्या.

मग मॅडमनी घरी करायचा अभ्यास दिला. छापील कागदावर तीन वाक्यं होती. मी शांत आहे. मी सुरक्षित आहे. माझ्या घरात सगळं छान चाललं आहे. रोज पहाटे आरशासमोर बसून मोठ्याने एकवीस वेळा म्हणायची, मनापासून, जसं काही ते खरंच आहे. नवसाबाईने हात वर करून विचारलं की वाक्याच्या शेवटी ‘तसं काय खास नाय’ एवढं जोडलं तर चालेल का. मॅडम गोड हसून नाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने कागद भिंतीला चिकटवला. चिकटवून बघितला आणि दोन पावलं मागे सरकली. एवढं चांगलं उघड्यावर लिहिलेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आधी तिने कागदाच्या कोपऱ्यात काजळाची तीट लावली. मग खाली लिंबू-मिरची बांधली. तरी जिवाला चैन पडेना, तेव्हा गोटीरामची एक तुटकी चप्पल शेजारी टांगली. आरशाला टॉवेल घातला, कारण आरशातून आपलीच आपल्याला लागायची. एवढा बंदोबस्त करून ती बसली आणि म्हणाली, मी शांत आहे. लगेच उठून मीठमोहरी ओवाळली. मी सुरक्षित आहे. लाल मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मिरचीचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर होती. त्या दिवशी गोटीराम, दोन शेळ्या आणि रस्त्याने चाललेला दूधवाला असे सगळे ठसकत होते, तरी नवसाबाई म्हणाली, हा ठसका पाहिजे तेवढा नाही. तिसऱ्या वाक्यापर्यंत ती पोचलीच नाही. पहिल्या आठवड्यात घरातली दीड किलो मिरची संपली.

दुसऱ्या रविवारी मॅडमनी तिला बाजूला घेऊन समजावलं. आधी जिभेला सवय करा, वाक्य नुसतं म्हणा, अर्थाकडे मागाहून बघू. हे मात्र नवसाबाईला पटलं. सवयच करायची तर ती आपल्याच नावाने कशाला करायची? वाक्य तेच ठेवायचं आणि नाव दुसऱ्याचं घालायचं. जीभही वळेल, आणि लागायची ती दृष्ट परभारे दुसरीकडे लागेल. कोणाचं नाव घालावं याचा विचार करायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

भिंतीपलीकडे तिची धाकटी जाऊ लंकाबाई राहायची. विधवा, एकटी, एक म्हैस आणि झेंडूचे चार वाफे. बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा कोणाच्या, यावरून दोघींचं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. शेवगा मधेच वाळूनही गेला, पण भांडण हिरवंगार होतं.

सोमवारी पहाटे लंकाबाई गाभण म्हशीला पेंड घालायला गेली, आणि भिंतीपलीकडून आवाज आला. लंकाबाई शांत आहे. लंकाबाई सुरक्षित आहे. लंकाबाईच्या घरात सगळं छान चाललं आहे. एकवीस वेळा, एका सुरात, पुस्तकातल्या भाषेत. लंकाबाईच्या हातातलं घमेलं खाली पडलं. जी बाई तीस वर्षांत कोणाचं चांगलं बोलली नाही, ती आपलं नाव घेऊन हे बोलतेय? ही करणी आहे, दुसरं काही असूच शकत नाही. तिने दुपारपर्यंत दारावर लिंबू, बिब्बा आणि काळी बाहुली बांधली आणि मंगळवारचा उपास धरला.

आणि गंमत अशी की लंकाबाईचं खरोखर छान चालायला लागलं. आठवड्यात तिचा गुडघा दुखायचा थांबला. म्हशीला रेडी झाली. दसऱ्याला झेंडूला असा भाव आला की व्यापारी तिच्या दारात गाडी घेऊन उभा राहिला. जसजसं चांगलं होत गेलं, तसतशी लंकाबाई भीतीने वाळत गेली, कारण एवढं चांगलं झाल्यावर पुढे काय वाढून ठेवलंय कोण जाणे. इकडे नवसाबाईचा जळफळाट वेगळाच. रोज पहाटे उठून घसा आपण फोडायचा आणि रेडी हिच्या म्हशीला. पण थांबायचीही सोय नव्हती, जीभ आत्ता कुठे वळायला लागली होती. गल्लीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. कोणी येऊन हळूच विचारायचं, मावशी, आमच्या पोराच्या नोकरीसाठी दोन दिवस त्याचं नाव घेता का. कोणी दुरूनच हात जोडायचं की काहीही करा, आमचं तेवढं नाव घेऊ नका.

सहाव्या आठवड्यात लंकाबाईचा धीर सुटला. एका पहाटे ती पाटी उपडी घालून तिच्यावर चढली, भिंतीवरून डोकं काढलं आणि नवसाबाईपेक्षा मोठ्या आवाजात सुरू झाली. नवसाबाई शांत आहे. नवसाबाईच्या घरात सगळं छान चाललं आहे. नवसाबाईची रूपाली सुखरूप आहे, तिचं बाळ सुखरूप आहे.

पहिली दोन वाक्यं नवसाबाईने सोसली. तिसरं ऐकल्यावर मात्र ती उठलीच. अकरा वर्षांत ओलांडला नव्हता तो उंबरा ओलांडून ती लंकाबाईच्या अंगणात शिरली आणि तिच्या तोंडावर हात ठेवायला धावली. लंकाबाई पाटीवरून उतरली आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, “जाऊबाई, असं काय वाकडं केलंय मी तुमचं, की रोज माझं चांगलं बोलता?”

नवसाबाई तिथेच, शेणाने सारवलेल्या अंगणात, मटकन बसली. आणि जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते या वैरिणीला सांगितलं. पहिलं माझ्या बोलण्याने गेलं. दुसरं माझ्या नुसत्या विचाराने गेलं. आता हे तिसरं हाय, आणि लेक म्हणती चांगलं बोल, नाहीतर येत नाय. चांगलं बोलले तर पोर जाईल, नाय बोलले तर लेक जाईल. मी काय करू ते सांग.

लंकाबाईने म्हशीपुढे वैरण टाकली. मग म्हणाली की आईची लागते हे खरं, पण चुलतीची लागल्याचं कधी ऐकलं नाही. “तुमी नका बोलू. मी म्हणते रोज पोरीचं. मला कोण हाय चांगलं म्हणायला, तेवढंच तोंड गोड होईल.” आणि त्या दिवसापासून पहाटे एकाच अंगणात दोघी बसायला लागल्या. लंकाबाई रूपालीचं एकवीस वेळा म्हणायची, नवसाबाई लंकाबाईचं. गोटीराम चहा करायचा, कारण दुसरं कोणी मोकळं नव्हतं.

पण परीक्षा तर नवसाबाईचीच होती, तिच्याच तोंडची. सातव्या रविवारी वर्ग संपला. मॅडमनी हातात गुलाबाचं फूल दिलं. सोमवारी फोन करून वाक्य बोलायचं ठरलं, आणि सोमवारी सकाळी फोन आला तो सोमनाथचाच. रूपालीचं बीपी खूप वाढलंय, नाशिकरोडच्या दवाखान्यात आणलंय, दिवस भरायला अवकाश आहे पण डॉक्टर म्हणताहेत थांबता येणार नाही. तुम्ही या.

गोटीराम बैलासारखा नुसता उभा राहिला. रिक्षा लंकाबाईने आणली. वाटेत द्वारका चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी, रिक्षा जागची हलेना. नवसाबाईने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. लंकाबाई म्हणाली, मी बोलते तिच्याशी, तुम्ही नुसत्या उभ्या राहा. नवसाबाई नाही म्हणाली. तिने मनाशी ठरवलं होतं. दृष्ट लागायची तर मला लागो, देवा, माझे उरलेले दिवस घे, पण पोरीने मागितलेलं एक वाक्य मी तिला देणार. द्वारका ते नाशिकरोड ती ते वाक्य पुटपुटत गेली. रिक्षावाल्याला वाटलं बाई जप करतेय, त्याने गाणं बंद केलं.

रूपाली खाटेवर डाव्या कुशीवर पडली होती. चेहरा सुजलेला, दंडाला बीपीचा पट्टा, शेजारी मशीन. आई आलेली बघून ती आधीच धसकली. नवसाबाई जवळ गेली, जन्मात कधी ठेवला नव्हता तसा हळुवार हात तिच्या केसांवर ठेवला, आणि मीना मॅडमच्या आवाजात, एकही ‘पण’ न लावता म्हणाली, “रूपाली, तू सुखरूप आहेस. तुझं बाळ सुखरूप आहे. सगळं छान होणार आहे. तू माझी खूप गुणी लेक आहेस.”

रूपालीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. तिने आईचं मनगट धरलं, नखं रुतली. “आई, खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले तुला? मी मरतेय का?”

मशीन टीं टीं करायला लागलं. नर्स धावत आली, आकडा बघितला आणि सगळ्यांवर ओरडली. पेशंटला काय सांगितलंत, कोणी सांगितलं, बाहेर व्हा. सोमनाथ भिंतीला टेकला. रूपाली रडत, धापा टाकत एकच म्हणत होती, आई असं बोलतेय म्हणजे संपलं सगळं. तीस वर्षांत जिने एक शब्द चांगला काढला नाही, ती आईच गुणी लेक म्हणतेय, तर माणसाने दुसरं काय समजायचं? सात रविवार, दीड किलो मिरची, सगळं पाण्यात गेलं होतं, आणि लेक डोळ्यांसमोर घाबरून जात होती.

मग तिचं डोकं फिरलं. राग नव्हता तो, नुसती भीती होती, पण तिला भीतीची दुसरी भाषा येतच नव्हती.

“मरती कशाची, मेले? एवढ्या लवकर सुटका हाय का तुझी? आत्ता कुठं तुझे हाल सुरू व्हनार हाईत. पोर काळं निघनार, बापावानी. रात्रभर रडनार, तुला सहा महिने झोप नाय. दात येताना हागवन लागनार, तू माझ्या नावाने बोंबलत बसशील.”

रूपालीचं रडणं अर्ध्यावर थांबलं. नर्स पुन्हा ओरडायला तोंड उघडून तशीच उभी राहिली, कारण मशीनचा आवाज थांबला होता. नवसाबाईला आता कोणी आवरू शकत नव्हतं. शाळेत घातलं तर डबा सांडून येईल. गणितात नापास होईल, तुझ्यावर गेलं तर नाकात शेंबूड आणि तोंडाला कुलूप. मोठं झालं की उलटून बोलेल. लग्न आपल्या मनाने करेल, मांडवात तुला विचारणारसुद्धा नाही. आणि तुझे गुडघे गेले, डोळे गेले, केस पांढरे झाले की एक दिवस म्हणेल, आई, तुझी फार कटकट होते, गप बस.

“केस पांढरे झाल्यावर?” रूपालीने बारीक आवाजात विचारलं.

“मग? पांढरे नाय व्हनार का? आमच्या घरात सगळ्यांचे व्हतात.”

रूपालीने आईचं मनगट सोडलं नाही, पण नखं सैल पडली. नर्सने आकडा पुन्हा बघितला, मान हलवली आणि ट्रॉली आणायला सांगितली. ट्रॉली ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना दाराशी दोघा वॉर्डबॉयनी नवसाबाईला अडवलं, तेव्हा आतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं की ही कोण. रूपाली म्हणाली, “माझी आई आहे. तिला आत येऊ द्या. आई, तू थांबू नकोस, पुढे सांग.”